ख्रिसमसची गाणी ऐकायची कशी?

डिसेंबर लागला की विमानतळापासून लिफ्टपर्यंत, जिथे म्हणून स्पीकर आहे तिथे, तीच ती वीस-पंचवीस गाणी फिरू लागतात. ज्याला ख्रिसमसशी काही देणंघेणं नाही त्याच्याही तोंडी चार चाली बसतात. पण चाल तोंडी बसली म्हणजे गाणं ऐकून झालं असं नाही. ही गाणी बहुतेकदा कानांवरून वाहून जातात.

नवखा माणूस इथे दोन टोकांपैकी एक गाठतो. एक तर 'सगळं साखरेच्या पाकात घोळवलेलं आहे' म्हणून सोडून देतो, नाहीतर शे-दोनशे गाण्यांची तयार प्लेलिस्ट लावतो आणि दुसऱ्याच दिवशी वैतागतो. वैतागणारच. त्या प्लेलिस्टमध्ये ऐंशी वर्षांपूर्वीचं अस्सल ध्वनिमुद्रण, कालपरवा कुणीतरी पियानोवर केलेली नक्कल आणि खारीच्या आवाजातला वात्रटपणा असं सगळं एकाच रांगेत बसवलेलं असतं. त्यापेक्षा खालच्या क्रमाने जा. त्यासाठी धार्मिक असावं लागत नाही, पाश्चात्त्य संगीत शिकलेलं असावं लागत नाही. सरगम माहीत असेल तर तिसऱ्या पायरीवर उपयोग होईल, नसेल तरी काही अडणार नाही.

पायरी १: आधी दोन ढीग करा

ख्रिसमसचं संगीत म्हणून जे एका नावाखाली विकलं जातं त्यात दोन वेगळी घराणी आहेत. एक कॅरल. ही चर्चशी जोडलेली, बरीचशी एकोणिसाव्या शतकात किंवा त्याआधी आकाराला आलेली, येशूजन्माची गोष्ट सांगणारी आणि समूहाने म्हणायची गाणी. दुसरं घराणं लोकप्रिय गाण्यांचं. त्यातली सगळ्यांत टिकाऊ गाणी अमेरिकेत, साधारण १९३४ ते १९६३ या काळात, सिनेमा, रेडिओ आणि तबकड्यांसाठी लिहिली गेली. त्यांत येशू क्वचितच भेटतो. भेटतात ते बर्फ, घर, सांता आणि जवळ नसलेलं माणूस.

सुरुवात या दुसऱ्या ढिगापासून करा. कॅरलमागची गोष्ट आणि तिची जुनी भाषा थोडी तरी ओळखीची असावी लागते. लोकप्रिय गाणं मात्र तीन मिनिटांत आपलं सगळं सांगून मोकळं होतं. कॅरलकडे आपण आठव्या पायरीवर येऊ.

पायरी २: एकच गाणं, चार आवाज

ते गाणं 'व्हाइट ख्रिसमस'. याला वळसा घालून पुढे जाता येत नाही. गिनीज बुकच्या नोंदीप्रमाणे जगात सर्वाधिक खपलेली सिंगल, म्हणजे एका गाण्याची तबकडी, अमेरिकन गायक बिंग क्रॉस्बीने गायलेली हीच, अंदाज ५ कोटी प्रतींचा. लिहिणारे आणि चाल बांधणारे अर्विंग बर्लिन हे रशियात जन्मलेले ज्यू. त्यांना स्वरलिपी वाचता येत नसे आणि पियानोवर त्यांची बोटं मुख्यतः काळ्या पट्ट्यांवरच चालत. क्रॉस्बीने हे गाणं २५ डिसेंबर १९४१ रोजी रेडिओवर पहिल्यांदा म्हटलं. पर्ल हार्बरवर हल्ला होऊन जेमतेम अठरा दिवस झाले होते. पुढच्या वर्षी ते 'हॉलिडे इन' या सिनेमातून आलं आणि त्याला ऑस्करही मिळालं. पण त्याला मोठं केलं ते घरापासून हजारो मैलांवर, बर्फाचा मागमूस नसलेल्या मुलखात लढणाऱ्या सैनिकांनी. सैन्याच्या रेडिओकडे या गाण्याची मागणी सतत येत राहिली.

आता यातली गंमत. बर्लिन यांनी मूळ गाण्याला एक प्रस्तावनेचं कडवं जोडलं होतं. त्यात ऊन पडलंय, गवत हिरवंगार आहे, संत्र्याची आणि पामची झाडं डुलताहेत आणि गाणारा माणूस लॉस एंजेलिसच्या बेव्हर्ली हिल्समध्ये चोवीस डिसेंबरला बसून उत्तरेकडे जायला आसुसलाय. म्हणजे हे गाणं बर्फात बसलेल्या माणसाचं नाहीच, ते बर्फ आठवणाऱ्या माणसाचं आहे. क्रॉस्बीच्या प्रसिद्ध तबकडीवर हे कडवं नाही, आणि ते नसल्यामुळेच गाणं कुणालाही आपलं म्हणता आलं. तरी ते एकदा ऐकाच, पुढचं सगळं गाणं वेगळं लागतं.

ऐकण्याचा क्रम असा. पहिला क्रॉस्बी. इथे एक सावधगिरी: तुमच्या कानांवर आजवर पडलेलं ध्वनिमुद्रण बहुधा १९४७ चं आहे. १९४२ च्या मूळ मुद्रिकेवरून इतक्या प्रती काढल्या गेल्या की ती झिजली आणि त्याच वाद्यवृंदासह गाणं पुन्हा मुद्रित करावं लागलं. दोन्ही मिळाली तर शेजारी शेजारी लावून बघा. दुसरा आवाज ड्रिफ्टर्स या गटाचा, १९५४ चा. खर्जातला एक आणि टिपेचा एक असे दोन गायक हेच गाणं रिदम अँड ब्लूजच्या ठेक्यावर झुलवतात. तिसरा एल्व्हिस प्रेस्लीचा, १९५७ चा. ड्रिफ्टर्सच्याच वळणाने गायलेलं हे रूप ऐकून बर्लिन इतके संतापले की रेडिओ केंद्रांनी ते वाजवू नये म्हणून त्यांनी खटपट केली. चौथा आवाज डार्लीन लव्हचा, १९६३ चा. गाणं मध्येच थांबवून ती ते हरवलेलं कॅलिफोर्नियाचं कडवं बोलून दाखवते. चारही आवाज एका बैठकीत ऐका. या गाण्यांचे गायक बदलतात, काळ बदलतो आणि तरी आतलं काहीतरी जागचं हलत नाही. ते काय, हे पुढच्या पायरीवर.

त्याआधी जाता जाता एक नोंद. एप्रिल १९७५ मध्ये व्हिएतनाममधलं सायगाव सोडायची वेळ आली तेव्हा तिथल्या अमेरिकनांसाठी ठरलेला गुप्त इशारा होता रेडिओवर तापमानाची एक ठरावीक घोषणा आणि पाठोपाठ हे गाणं. बर्फाच्या गाण्याचा इतका विचित्र उपयोग दुसरा माझ्या माहितीत नाही.

पायरी ३: कोमल धैवत पकडा

आता हेडफोन लावा. 'व्हाइट ख्रिसमस'मध्ये तुमचे दिवस आनंदाचे आणि उजळ जावोत अशी शुभेच्छा देणारी ओळ येते. तिथे गायकाकडे दुर्लक्ष करून मागच्या साथीकडे कान द्या. कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरांचा गुच्छ, मध्यमावर जातो: म, ध, सां. आणि शब्द 'उजळ'पर्यंत पोचतात तसा त्यातला शुद्ध धैवत कोमल होतो. शुभेच्छा तीच आहे, पण खालून कुणीतरी दिवा मंद केल्यासारखं वाटतं.

लगेच मराया कॅरीचं 'ऑल आय वाँट फॉर ख्रिसमस इज यू' लावा. हे गाणं १९९४ चं, म्हणजे मधे पन्नासहून अधिक वर्षं गेलेली. सुरुवातीचं जवळजवळ पाऊण मिनिट ते रेंगाळतं, मग ठेका सुरू होतो आणि गाणं धावत सुटतं. त्या धावण्यात, झाडाखाली ठेवलेल्या भेटवस्तूंची मला पर्वा नाही असं ती म्हणते त्या ओळीवर थांबा. तोच मध्यमाचा कॉर्ड, तोच शुद्धाचा कोमल होणारा धैवत. गाणं नाचायला लावतं आणि त्याच दमात सांगतं की हवं ते माणूस समोर नाही.

माझ्या मते या सगळ्या संगीताची किल्ली इथे आहे. ही गाणी आनंदाची म्हणून वाजवली जातात, पण त्यांतली टिकून राहिलेली गाणी बहुतेक वियोगाची आहेत. जे आहे त्याचा जल्लोष फार टिकत नाही, जे नाही त्याची आठवण दरवर्षी नवी होते. ही किल्ली खिशात ठेवून पुढे चला. ती प्रत्येक कुलपाला लागेल असं नाही, पण लागेल तिथे दार चटकन उघडेल.

पायरी ४: शब्द ऐका आणि ख्रिसमस सापडतो का बघा

हा खेळ मुलांबरोबर खेळायला झकास आहे. गाणं लावायचं आणि त्यात 'ख्रिसमस' हा शब्द येतो का ते शोधायचं.

'जिंगल बेल्स'मध्ये येत नाही. जेम्स लॉर्ड पिअरपाँट यांचं हे गाणं १८५७ मध्ये 'वन हॉर्स ओपन स्ले' या नावाने छापलं गेलं, दोन वर्षांनी त्याला आजचं नाव मिळालं. विषय आहे बर्फावरून घोड्याची घसरगाडी हाकत पोरींवर छाप पाडण्याचा. सहसा कुणी न म्हटलेलं दुसरं कडवं शोधून वाचा: नायक एका मुलीला शेजारी बसवून निघतो, घोडा मरतुकडा, गाडी बर्फाच्या ढिगाऱ्यात घुसते आणि दोघं उलटीपालटी. शाळाशाळांतून लहान मुलं जे निरागसपणे म्हणतात ते मूळचं उनाड तरुणांचं गाणं आहे. त्याचा पुढचा प्रवासही भलताच. १६ डिसेंबर १९६५ रोजी जेमिनी ६ यानातल्या वॉली शिरा आणि टॉम स्टॅफर्ड या अंतराळवीरांनी आधी एक अनोळखी यान दिसत असल्याची बतावणी केली आणि मग चोरून नेलेल्या माउथ ऑर्गनवर आणि घुंगरांवर हेच गाणं वाजवलं. अंतराळात वाजलेली ती पहिली वाद्यं.

'लेट इट स्नो'मध्येही ख्रिसमस नाही. सॅमी कान आणि ज्यूल स्टाइन यांनी ते जुलै १९४५ मध्ये, हॉलिवूडच्या ऐन उकाड्यात लिहिलं. सगळा मुद्दा एवढाच की बाहेर बर्फ पडतोय तर प्रेयसीच्या घरून निघायची घाई कशाला! त्याच उन्हाळ्यात तिकडेच बॉब वेल्स आणि एकोणीस वर्षांचा मेल टॉर्मे यांनी 'द ख्रिसमस साँग' लिहिलं. वेल्स यांनी उकाड्यात निदान मनाने तरी थंड व्हावं म्हणून थंडीची काही वाक्यं वहीत खरडली होती, त्यांचंच गाणं झालं. पुढच्या वर्षी लेरॉय अँडरसन यांना 'स्ले राइड'ची धून सुचली तीही जुलैच्या उष्णतेच्या लाटेत. (ही ऐकताना शेवट चुकवू नका, ट्रम्पेट हुबेहूब घोड्यासारखं खिंकाळतं. चाबकाचा आवाज दोन लाकडी फळ्यांचा.) आणि 'विंटर वंडरलँड'चे शब्द लिहिणारे रिचर्ड स्मिथ हे क्षयरोगी होते. बर्फात हातात हात घालून फिरण्याचं ते गाणं १९३४ मध्ये आलं आणि वर्षभरात ते गेले.

एकदा ही यादी लक्षात आली की बर्फाच्या गाण्यांकडे बघायची नजर बदलते. घाम पुसत लिहिलेला बर्फ असा चकचकीत असणारच. खऱ्या बर्फात गाडी अडकते, नळ गोठतात. यांतल्या कुठल्याही गाण्यात नळ गोठत नाही.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. बर्लिन, कान, स्टाइन, टॉर्मे, वेल्स हे सगळे ज्यू. 'रूडॉल्फ द रेड-नोज्ड रेनडिअर' आणि 'रॉकिन अराउंड द ख्रिसमस ट्री' लिहिणारे जॉनी मार्क्ससुद्धा. ज्यांच्या घरचा हा सण नव्हता त्यांनी त्याची गाणी रचली. म्हणून त्यांत धर्म कमी आणि ऋतू, घर, ओढ जास्त आली, आणि म्हणूनच ती कुठल्याही धर्माच्या माणसाला परकी वाटत नाहीत.

पायरी ५: उदास गाणी टाळू नका

इथे सावकाश चाला, खजिना इथे आहे.

पहिलं 'हॅव युअरसेल्फ अ मेरी लिटल ख्रिसमस'. १९४४ च्या 'मीट मी इन सेंट लुईस' सिनेमात जूडी गार्लंड हे धाकट्या बहिणीला म्हणते. कुटुंबाला गाव सोडून न्यू यॉर्कला जायचंय, पोरगी कोमेजलीय. गाणं संपल्यावर ती धावत बाहेर जाते आणि अंगणातली बर्फाची माणसं फोडून टाकते. ह्यू मार्टिन यांनी आधी लिहिलेले शब्द याहून काळे होते, हा कदाचित तुझा शेवटचा ख्रिसमस असेल अशा अर्थाचे. गार्लंड यांनी ते म्हणायला नकार दिला म्हणून बदलले. पुढे १९५७ मध्ये फ्रँक सिनात्रा यांना आनंदी अल्बमसाठी ते गाणं आणखी उजळ हवं होतं, तेव्हा 'तोवर कसंबसं निभावून नेऊ' या अर्थाची ओळ जाऊन तिथे फांदीवर चमकता तारा टांगला गेला. दोन्ही ऐका आणि त्या ओळीवर कान ठेवा. कुठली आवृत्ती चांगली यावर लोक भांडतात. मी गार्लंडच्या बाजूचा. निभावून नेण्याची गोष्ट काढली की त्या चालीचं कारणच उरत नाही.

दुसरं 'आयल बी होम फॉर ख्रिसमस', पुन्हा क्रॉस्बी, १९४३. मी घरी येतोय, अमुक तयार ठेवा, तमुक टांगा असं माणूस सांगत जातो आणि अगदी शेवटी कळतं की हे येणं फक्त स्वप्नातलं. युद्धकाळात हे ऐकणाऱ्यांना पहिल्या ओळीपासूनच कळत असणार.

तिसरं 'लास्ट ख्रिसमस'. 'व्हॅम' या ब्रिटिश जोडीचं हे गाणं त्यांतल्या जॉर्ज मायकल यांनी ऑगस्ट १९८४ मध्ये मुद्रित केलं, स्टुडिओत ख्रिसमसच्या माळा टांगून. वाद्यंही जवळजवळ सगळी त्यांनीच वाजवली. ख्रिसमस काढून तिथे दुसरा कुठलाही दिवस घातला तरी प्रेमभंग तोच राहील. ठेका इतका गोड की गेल्या वर्षी दिलेलं हृदय दुसऱ्याच दिवशी परत आलं ही तक्रार लोक हसतहसत म्हणतात.

चौथं 'फेअरीटेल ऑफ न्यू यॉर्क', पोग्ज हा बँड आणि गायिका कर्स्टी मॅकॉल, १९८७. ख्रिसमसच्या आदल्या रात्री पोलिसांच्या कोठडीत पडलेला दारुडा, त्याची आठवण आणि एकमेकांना घातलेल्या शिव्या. घरात लहान मुलं असतील तर आधी एकट्याने ऐका. गाण्यात न्यू यॉर्क पोलिसांच्या ज्या गायनवृंदाचा उल्लेख आहे तो प्रत्यक्षात नव्हताच. पोलिसांकडे बॅगपाइप आणि ड्रमचं पथक होतं, व्हिडिओत तेच दिसतं.

पाचवं थोडं आडवाटेचं आहे: ऑस्ट्रेलियाचे पॉल केली यांचं १९९६ चं 'हाउ टू मेक ग्रेव्ही'. तुरुंगातून एक माणूस भावाला एकवीस डिसेंबरला पत्र लिहितो. घरी सगळे जमतील, शंभर अंश फॅरनहाइट उकाडा असेल, आणि यंदा मी नसल्यामुळे ग्रेव्ही कोण करणार? मग तो कृतीच सांगू लागतो. बर्फ नाही, घंटा नाहीत, ध्रुवपदही नाही. वियोगाची जी किल्ली म्हटली ती इथे अख्ख्या गाण्याला लागते.

पायरी ६: ब्रिटनची शर्यत

ब्रिटनमध्ये ख्रिसमसच्या आठवड्यात गाण्यांच्या यादीत पहिला कोण, याची दरवर्षी चुरस असते. लोक पैजा लावतात. हा प्रकार अंगात भिनला तो १९७३ मध्ये, जेव्हा स्लेड आणि विझर्ड हे चमचमत्या कपड्यांचे दोन बँड समोरासमोर आले. वीजटंचाईचा, संपांचा हिवाळा होता आणि स्लेडच्या 'मेरी ख्रिसमस एव्हरीबडी'ने बाजी मारली. शेवटाकडे नॉडी होल्डरची आरोळी येते, तेव्हा आवाज आधीच कमी करून ठेवा.

१९८४ मध्ये 'लास्ट ख्रिसमस' दुसऱ्या क्रमांकावर अडकलं, कारण वर बसलं होतं इथिओपियातल्या दुष्काळासाठी बॉब गेल्डॉफ आणि मिज युर यांनी रचलेलं 'डू दे नो इट्स ख्रिसमस'. त्यातही जॉर्ज मायकल गायले होते, म्हणजे स्वतःची वाट त्यांनी स्वतःच अडवली. तबकडी ३० लाखांहून जास्त खपली आणि पैसा कामी आला. पण गाण्याचा प्रश्नच अज्ञानाचा होता. इथिओपियात ख्रिस्ती धर्म चौथ्या शतकापासून आहे आणि ख्रिसमस ७ जानेवारीला साजरा होतो. त्यांना तो ठाऊक आहे का, हे विचारायची गरज नव्हती. 'लास्ट ख्रिसमस' मात्र चिवट निघालं. जानेवारी २०२१ मध्ये ते पहिल्यांदा अव्वल ठरलं आणि २०२३ मध्ये ऐन ख्रिसमसला. ते पाहायला मायकल नव्हते, २०१६ च्या २५ डिसेंबरलाच ते गेले.

या शर्यतीत शहाणपण शोधू नका. १९९३ मध्ये गुलाबी अंगावर पिवळे ठिपके असलेला मिस्टर ब्लॉबी नावाचा टीव्हीवरचा बागुलबुवा जिंकला. २००९ मध्ये टीव्ही स्पर्धांच्या विजेत्यांना कंटाळलेल्या लोकांनी मोहीम काढून रेज अगेन्स्ट द मशीन या बँडचं सतरा वर्षं जुनं, शिव्यांनी भरलेलं गाणं वर नेलं. त्यानंतर २०१८ ते २०२२ अशी सलग पाच वर्षं लॅडबेबी नावाच्या जोडप्याने बहुतेक सॉसेज रोल या खाद्यपदार्थावरच्या विडंबनांनी पहिला क्रमांक पटकावला, धर्मादाय कामासाठी.

अमेरिकेत वेगळीच मजा झाली. स्ट्रीमिंग मोजलं जाऊ लागल्यावर जुनी गाणी दर डिसेंबरला थडग्यातून उठतात. मराया कॅरीचं गाणं २५ वर्षांनी, २०१९ मध्ये पहिलं आलं. ब्रेंडा ली यांनी 'रॉकिन अराउंड द ख्रिसमस ट्री' १९५८ मध्ये तेराव्या वर्षी गायलं आणि ते २०२३ मध्ये अव्वल ठरलं तेव्हा त्यांचं वय ७८ होतं. तो तेरा वर्षांच्या मुलीचा आवाज आहे हे माहीत असून पुन्हा ऐका, विश्वास बसत नाही.

पायरी ७: वात्रट गाणी, बेताने

ही एकदा ऐकली की पुरतात. १९५३ मध्ये दहा वर्षांच्या गेला पीव्हीने ख्रिसमसला पाणघोडा हवा म्हणून हट्ट धरणारं गाणं म्हटलं. वर्गणी जमली, खरोखरचा पाणघोडा आला आणि तो ओक्लाहोमा सिटीच्या प्राणिसंग्रहालयात गेला. १९५८ च्या 'द चिपमंक साँग'मध्ये ध्वनिफीत पळवून केलेले चिरके आवाज आहेत आणि त्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाले, तेही एकाहून अधिक. आजीला रेनडिअरने तुडवल्याचं एक गाणंही आहे. त्याबद्दल एवढंच पुरे.

रूडॉल्फ मात्र या रांगेतला नाही. १९३९ मध्ये माँटगोमेरी वॉर्ड या दुकानाच्या साखळीने मुलांना फुकट वाटायला एक पुस्तिका काढली, ती रॉबर्ट मे या त्यांच्याच जाहिरात लेखकाने लिहिली. त्या काळात त्यांची बायको कर्करोगाने गेली. दहा वर्षांनी मे यांचे मेहुणे जॉनी मार्क्स यांनी त्या पुस्तिकेवरून गाणं केलं आणि जीन ऑट्री यांनी ते गायलं. लाल नाकाला हसणारे सवंगडी काम पडल्यावर त्याच नाकाचं कौतुक करतात हा त्यातला भाग मला अजूनही खटकतो.

पायरी ८: आता जुन्या ढिगाकडे

दोन ढिगांमधला पूल हवा असेल तर बिंग क्रॉस्बी आणि डेव्हिड बोवी यांचं युगुलगान लावा. सप्टेंबर १९७७ मध्ये टीव्हीसाठी ते मुद्रित झालं. बोवींना 'लिटल ड्रमर बॉय' आवडत नव्हतं, म्हणून त्यांच्यासाठी ऐनवेळी दुसरी चाल रचून ती पहिलीवर बसवली. क्रॉस्बी कार्यक्रम प्रसारित होण्याआधीच, ऑक्टोबरमध्ये गेले.

मग 'सायलेंट नाइट'. शब्द जोसेफ मोर या तरुण पाद्र्याचे, चाल फ्रान्त्स ग्रूबर या शिक्षकाची, पहिलं गायन २४ डिसेंबर १८१८ रोजी, साल्झबर्गजवळच्या ओबर्नडॉर्फमध्ये, साथीला फक्त गिटार. म्हणून पहिल्यांदा ते वाद्यवृंदासह ऐकू नका. एक-दोन आवाज आणि गिटार असं ध्वनिमुद्रण शोधा, तेही मूळ जर्मनमध्ये.

'हार्क द हेरल्ड एंजल्स सिंग'ची जोडणी मजेशीर आहे. शब्द चार्ल्स वेस्ली यांचे १७३९ चे. चाल जर्मन संगीतकार मेंडेल्सझोन यांची, पण ती त्यांनी १८४० मध्ये गुटेनबर्गच्या छपाईकलेच्या उत्सवासाठी बांधली होती आणि ती धार्मिक शब्दांना शोभणार नाही असं त्यांचं स्वतःचं मत होतं. ते गेल्यावर १८५५ मध्ये दुसऱ्याच माणसाने दोन्हींचं लग्न लावलं, आणि ते अजून टिकलंय.

'कॅरल ऑफ द बेल्स' तुम्ही चित्रपटांत, जाहिरातींत हमखास ऐकलंय. ती चार स्वरांची गरगरणारी फिरकी युक्रेनची आहे. मिकोला लेओन्तोविच यांनी १९१६ मध्ये लोकगीतावरून ती रचना केली. त्यात घंटा नाहीत, एक पाकोळी येऊन घरधन्याला येत्या वर्षीच्या बरकतीची बातमी देते. इंग्रजी शब्द आणि घंटा १९३६ मध्ये आल्या. मूळ गाणं 'श्चेद्रिक' या नावाने शोधा.

गायनवृंदाची चव घ्यायची तर केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजची ख्रिसमसची सेवा, म्हणजे चॅपेलमधली कॅरल गात केलेली प्रार्थना, ऐका. ती १९१८ मध्ये सुरू झाली आणि १९२८ पासून रेडिओवर येते. सुरुवात एका मुलाच्या एकट्या, साथीविना आवाजाने होते. तो मुलगा कोण हे अगदी शेवटच्या क्षणी ठरतं, म्हणजे आदल्या रात्री कुणाची झोप उडायला नको.

पायरी ९: मात्रा, वेळ आणि स्वतः गाणं

एका वेळी तीन-चार गाण्यांच्या वर जाऊ नका. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दुसरी आणि तिसरी पायरी, मग उदास गाणी, शेवटच्या आठवड्यात कॅरल, हा हिशोब बरा जमतो. यादी स्वतः बनवा आणि प्रत्येक गाण्यापुढे ध्वनिमुद्रणाचं वर्ष लिहा. नॅट किंग कोल यांनी 'द ख्रिसमस साँग' १९४६ पासून १९६१ पर्यंत चार वेळा मुद्रित केलं, कुठलं लावलंय हे माहीत हवं. सर्वत्र वाजतं ते १९६१ चं. १९४६ चं पहिलं, तंतुवाद्यांविना, फक्त त्रिकूटाचं आहे आणि मला तेच जास्त आवडतं. पुनर्मुद्रित असा शेरा दिसला तर जरा थांबा, म्हातारपणी पुन्हा गायलेली आवृत्ती अनेकदा तरुणपणीच्या चित्रासकट विकली जाते.

गाण्यांचा कंटाळा आलाच तर व्हॅमागेडन खेळा. १ डिसेंबरपासून २४ डिसेंबर संपेपर्यंत 'लास्ट ख्रिसमस' कानी पडू द्यायचं नाही. मूळ व्हॅमचं ऐकलं की तुम्ही बाद, इतरांनी गायलेलं चालतं.

चारचौघांत म्हणायचं असेल तर 'सायलेंट नाइट' खालच्या पट्टीत धरा. सुरुवात सोपी वाटते म्हणून लोक उंच उचलतात आणि सगळ्यांत वरचा स्वर शेवटाकडे येतो तेव्हा निम्मे गप्प होतात. मराया कॅरीच्या वाटेला जाऊच नका. 'द ट्वेल्व्ह डेज ऑफ ख्रिसमस' मात्र गर्दीला फार मानवतं. त्यात बारा दिवस रोज एक नवी भेट येते आणि आधीच्या भेटीही पुन्हा मोजल्या जातात. प्रत्येकाला एकेक भेट वाटून द्या, आपली ओळ आली की त्याने ओरडायचं. (सगळ्या दिवसांच्या भेटी मिळवल्या तर ३६४ होतात.)

ते बारा दिवस २५ डिसेंबरला सुरू होऊन ५ जानेवारीला संपतात, त्यामुळे पंचवीस तारीख उलटली म्हणून यादी पुसू नका. २६ डिसेंबर हा सेंट स्टीफनचा दिवस, 'गुड किंग वेन्सेस्लास'मधली गोष्ट त्याच दिवशी घडते. आणि 'श्चेद्रिक' मुळात नव्या वर्षाच्या स्वागताचं गाणं, ते ३१ तारखेच्या रात्रीसाठी राखून ठेवा.